बैठकीची खोली

१९४७ साली मुंबई सरकारने घरभाड्यांना लगाम घालणारा जो कायदा केला, त्याच्या लांबलचक नावात भाड्याच्या जोडीला हॉटेले आणि लॉजिंग हाउसे यांच्या दरांचाही निर्देश होता. म्हणजे परक्या शहरात छप्पर शोधणाऱ्या माणसाचे दोन वर्ग सरकारी दप्तराने गृहीत धरले होते, एक दरमहा पावती घेऊन राहणारा भाडेकरू आणि दुसरा चार रात्रींचे पैसे मोजून चालता होणारा उतारू. महाड तालुक्यातून आणि त्याच्या पोटात तेव्हा महाल म्हणून मोडणाऱ्या पोलादपुराकडून मुंबईस जाणारा माणूस या दोहोंपैकी एकाही सदरात धड बसत नसे. तो तीस तीस वर्षे मुंबईत काढी, पण पावती त्याच्या नावावर नसे. आणि लॉजाची पायरी तर तो जन्मात चढलेला नसे. आठ दिवसांसाठी आलेला त्याचा म्हातारा बाप, इस्पितळात दाखवायला आणलेला भाऊ, नोकरीच्या खटपटीला आलेला पुतण्या हे सारे ज्या एका खोलीत उतरत, ती ना घर होती ना हॉटेल. गिरणगावात तिला बैठकीची खोली म्हणत. कोणी नुसती गावची खोली म्हणे. मोठ्या शहरात चार दिवसांच्या मुक्कामाला जागा कशी निवडावी, हा विषय हल्ली हौशी प्रवाशांचा समजला जातो. परंतु सावित्रीच्या खोऱ्यात त्याला शंभराहून अधिक वर्षांची वहिवाट आहे, आणि त्या वहिवाटीत पारख खोलीची कमी व माणसाची अधिक होत असे, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

महाड हे मुळातच मुक्कामाचे गाव. समुद्रातून बाणकोटच्या मुखाने आत शिरलेली गलबते सावित्रीच्या भरतीवर दासगावापर्यंत आणि लहान होड्या थेट महाडपर्यंत येत; तेथून वरंध घाटाने भोर-पुण्याकडे, पोलादपुरावरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे आणि कशेडीने खेडाकडे वाटा फुटत. होडीतून उतरलेल्याला बैल मिळेपर्यंत आणि घाट उतरून आलेल्याला भरती येईपर्यंत थांबणे भागच होते, सबब जो कोणी या वाटेने गेला तो येथे रात्र काढून गेला. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास आलेल्या इंग्रज वकिलाला, हेन्री ऑक्झिंडेनला, महाराज प्रतापगडावरून परत येईपर्यंत रायगडच्या पायथ्याशी पाचाडास मुक्काम ठोकून बसावे लागले आणि मग गडावर जे घर नेमून देण्यात आले त्यात उतरावे लागले; स्वतःची जागा स्वतः निवडण्याची सोय राजाच्या पाहुण्यालाही नव्हती. १७९६ साली नाना फडणिसांनी पुण्यातून पाय काढून महाडास तळ दिला आणि पेशवाईच्या गादीचे राजकारण काही महिने येथूनच हलविले. पुढे १८०२ साली होळकरांपुढे पुणे सोडून निघालेला दुसरा बाजीराव याच वाटेने महाडास आला आणि येथून समुद्राकडे सरकत सरकत वसईच्या तहापर्यंत जाऊन पोहोचला. असल्या मोठ्या पाहुण्यांनी गावाची कीर्ती वाढते, गावकऱ्यांच्या ओसऱ्या मात्र रिकाम्या करवून घेतल्या जातात.

इंग्रजी अंमलात मुक्कामाची व्यवस्था नियमात बसली. १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरास हवा खाण्याचे ठिकाण वसले आणि मुंबईच्या साहेबांना तेथे जाण्याची जी एक वाट होती ती बाणकोटची खाडी, दासगाव, महाड, पोलादपूर अशी होती. त्यांच्यासाठी सरकारी मुसाफिरी बंगले झाले. या बंगल्यांची शिस्त देशभर साधारण एकच असे: खानसामा, किराणा-कोंबडीचा ठरलेला दर, अभिप्रायाची वही, आणि चोवीस तासांनंतर नवा उतारू दारात आला तर जुन्याने मुकाट्याने जागा खाली करावी असा दंडक. त्यात माणसाची ओळख विचारली जात नसे, हुद्दा विचारला जाई. बाकीच्या प्रजेला धर्मशाळा होती, देवळाची ओवरी होती आणि सर्वांत खात्रीची म्हणजे ओळखीच्याची पडवी होती. कोर्टाच्या तारखेला घाटाखालच्या वाडीतून निघालेला पोलादपूरकडचा कुणबी महाडास पोहोचला की ज्या दुकानदाराशी त्याचे वर्षभराचे देणेघेणे असे त्याच्याच ओट्यावर घोंगडी पसरी; त्याचे पैसे द्यावे लागत नसत, पण त्या ओट्याचा हिशेब पुढच्या हंगामाच्या भातात कोठेतरी वळता होत असे, हे दोघांनाही ठाऊक असे. निवारा हा ओळखीचा एक प्रकार आहे, हे ज्ञान मनात पक्के धरूनच हा माणूस मुंबईस गेला.

तो का गेला, हे या मुलखातली जमीन पाहिली की कळते. खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या पट्ट्यात भात बरे पिकते. पण पोलादपूर महालाचा बहुतेक भाग म्हणजे सह्याद्रीच्या उतरणीला चिकटलेल्या वाड्या, आणि तेथे वरकस जमिनीवर नाचणी, वरी यांवाचून दुसरे फारसे काही येत नाही. पाऊस इतका की माती दरवर्षी खाली वाहून जावी आणि दिवाळी उलटली की विहीर आटावी. अशा जमिनीवर चार भावांची चूल चालत नाही. एकाने नांगर धरावयाचा आणि तिघांनी रोख पैसा आणावयाचा. रोख पैसा पलटणीत होता आणि मुंबईत होता. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांत भरती होणाऱ्या माणसांत रत्नागिरी जिल्ह्याच्या जोडीला शेजारच्या कुलाब्याची, म्हणजे आजच्या रायगडाची, माणसे होतीच. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डरीची पद्धत सुरू केल्यावर तर मुंबईतील मजुरी आणि वाडीतील चूल यांच्यामध्ये एक सरकारी पूल बांधला गेला. पोस्टमन ज्या दिवशी घाट चढून येई तो दिवस वाडीत सणासारखा असे.

जाण्याची वाट दोन प्रकारची होती. एक पाण्याची: दासगावाहून होडीने किंवा लहान आगबोटीने खाडीच्या तोंडापर्यंत, आणि तेथून किनाऱ्याच्या आगबोटीने मुंबईचा धक्का. दुसरी खुष्कीची: माणगाव, कोलाड, नागोठणे, पेण या मार्गाने धरमतरापर्यंत, आधी पायी किंवा गाडीने आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून मोटारीने, आणि धरमतराहून पुन्हा बोटीने. पावसाळ्यात किनाऱ्याची आगबोट बंद राही आणि नद्या ओलांडणे जिवावरचे होई. म्हणून ज्येष्ठात गावी राहिलेला माणूस भात लावूनच निघे. महाडजवळ सावित्रीवर १९२८ साली दगडी पूल झाला आणि महाड व पोलादपूर यांच्यामधील नदीचा अडसर बाराही महिने दूर झाला. हाच पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्याही गेल्या.

धक्क्यावर उतरलेल्या या माणसाच्या हाती पत्ता म्हणून जे असे ते बहुधा एखाद्या चाळीचे नाव आणि एखाद्या गाववाल्याचे नाव, इतकेच. त्याने खोली निवडली असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याच्या आधी गेलेल्याने ती निवडलेली असे. परंतु त्या आधी गेलेल्याने ती कशी निवडली याचा विचार केला तर त्यामागे चांगलेच व्यवहारज्ञान दिसते. पहिली गोष्ट, गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर जागा पाहिजे. कारण पाळीला दोन मिनिटे उशीर झाला तर खाडा पडे आणि ट्रामचे भाडे रोज परवडणारे नसे. दुसरी, नळ. चाळीतल्या सार्वजनिक नळाचे पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, ही चौकशी भाड्याच्याही आधी होई. तिसरी, व्हरांडा. रात्री खोलीत न मावणाऱ्यांना निजायला जागा व्हरांड्यातच मिळे, म्हणून चाळीचा व्हरांडा रुंद असला तर भाडे रुपयाभराने अधिक असले तरी खोली पदरात पाडून घेत. चौथी गोष्ट बोलून दाखविली जात नसे आणि सर्वांत आधी पाहिली जाई: शेजार कोणाचा आहे. त्याच तालुक्याचा, शक्य तर त्याच खोऱ्याचा आणि बहुतेक वेळा त्याच जातीचा शेजार असला म्हणजे खोली चांगली. मग मोरीचा वास, ढेकूण आणि तिसऱ्या मजल्याचा अंधारा जिना हे दोष नव्हेतच.

सरकारला हे व्यवहारज्ञान उमगले नाही, याचा एक मासलेवाईक दाखला आहे. १८९६ च्या प्लेगाने मुंबईच्या दाट वस्तीची लक्तरे चव्हाट्यावर आणली आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फूट. कागदावर हे सारे उत्तम होते. पण वरळीच्या कित्येक चाळी प्रथम ओस पडून राहिल्या. गिरण्यांपासून आडबाजूला असलेल्या त्या काँक्रीटच्या कोंदट खोल्यांत अधिक भाडे भरून जावयास मजूर राजी नव्हते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे आधी गेलेले कोणी नव्हते. १९३० च्या कायदेभंगात त्यांपैकी काही चाळींचा सरकारने तुरुंगासारखा उपयोग केला, यातील विनोद कोणाला जाणवला असेल की नाही कोण जाणे. पुढे गाव एकेक करून तेथे सरकले आणि मग मात्र त्याच खोल्यांसाठी पागडी मोजण्याची पाळी आली. डिलाइल रोडला आज ज्यांचे नाव आहे ते कामगारपुढारी नारायण मल्हार जोशी हे महाडच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील गोरेगावचे. खोऱ्यातील माणसे ज्या रस्त्यावर राहावयास गेली त्या रस्त्याला खोऱ्याच्या शेजाऱ्याचे नाव मिळावे, हा योग मला तरी गोड वाटतो.

आता खोलीच्या आतील व्यवस्थेकडे वळू, कारण या प्रथेचे खरे वैभव तेथे आहे. खोली एकाच्या नावावर, भाडे सर्वांच्या वर्गणीतून. दहा फूट रुंद, पंधरा-सोळा फूट लांब अशा जागेत वीस-पंचवीस जणांचा वावर असणे ही काही अपवादाची गोष्ट नव्हती, आणि ते जमे याचे कारण गिरणीच्या पाळ्या: रातपाळीचा माणूस अंथरुणावर पडे तेव्हा दिवसपाळीचा साचे चालवीत असे. भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका एकीवर एक. प्रत्येकाची एक खुंटी, एक वळकटी आणि पोटमाळ्यावर एक हात जागा, एवढीच प्रत्येकाची स्थावर-जंगम मिळकत. खुंटीवरून भांडणे होत आणि ती मिटविण्यासाठी बैठक बसे. ज्याच्याकडे खोलीचा कारभार असे तो वयाने मोठा आणि हिशेबाला चोख असावा लागे; तो वर्गणीची वही ठेवी, भाडे वेळेवर भरी, उशिरा येणाऱ्याला, दारू पिऊन येणाऱ्याला दंड करी आणि बेकार झालेल्याची वर्गणी बाकी काढून ठेवी. बाकी काढणे या दोन शब्दांत केवढा धीर होता! काम सुटलेल्या माणसाला शहरात कोणी उभे करीत नाही. येथे मात्र तो काम मिळेपर्यंत झोपावयास येऊ शके, आणि काम मिळवून देण्याचा खटाटोपही हीच मंडळी गिरणीत माणसे भरणाऱ्या जॉबराच्या पाया पडून करीत.

चार दिवसांच्या पाहुण्याचा नियम वेगळा होता. गावाहून कोर्टकचेरीला, इस्पितळाला किंवा लग्नाच्या बस्त्याला आलेल्याकडून वर्गणी घेत नसत; त्याने येताना गावचे तांदूळ, सुकी मासळी किंवा फणस आणावा एवढी अपेक्षा असे. त्याला झोपायला जागा व्हरांड्यात नव्हे तर आत मिळे. तो किती दिवस राहणार हे विचारणे असभ्य समजले जाई, आणि तो अधिक दिवस राहिला तर त्याच्या भावकीतील कोणीतरी त्याला खाली चहाला नेऊन योग्य त्या शब्दांत समजावी. परळला १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय आणि १९४१ साली टाटांचे कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यावर तर लालबाग-परळच्या गावखोल्या या खोऱ्यातील रोग्यांच्या धर्मशाळाच झाल्या. बाई बरोबर असली की पंचाईत. कारण ही खोली पुरुषांची. मग चाळीतच बिऱ्हाड करून राहिलेल्या एखाद्या गाववाल्याकडे तिची सोय लावावी लागे, आणि असे एक तरी बिऱ्हाड जवळपास आहे ना, हेही खोली घेताना पाहिले जात असावे असा माझा तर्क आहे.

जेवणाची सोय खोलीत बहुधा नसे. ती खानावळवाल्या बाईकडे. महिन्याचा हिशेब, खाडे वजा, सणाला गोड. या बायकांच्या कष्टांवर गिरणगावचा निम्मा संसार उभा होता आणि त्यांच्या वाट्याला सावकाराचे व्याज आले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले तेव्हा कोठे त्यांच्या धंद्याला धंदा म्हणून मान्यता लाभली. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अशी व्यवस्था एकट्या महाडकरांनीच काढली असे नाही. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी धोबीतलाव, माझगाव या भागात गावागावाच्या ‘कुडी’ उभारल्या. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधले दिवस तेथे अल्प वर्गणीत काढी, त्याची पेटी भिंतीशी असे, आणि संध्याकाळी गावच्या संतापुढे सर्वांनी मिळून प्रार्थनेला उभे राहणे सक्तीचे असे. साताऱ्याकडच्या, कोल्हापुराकडच्या गावांच्याही खोल्या होत्या. त्यांत आणि आपल्यात फरक असलाच तर एवढाच की गोवेकरांनी संस्थेची रीतसर घटना केली, नियम छापले, विश्वस्त नेमले. आपण सारा कारभार वहीवर आणि शब्दावर चालविला. याचे परिणाम पुढे दिसले.

इंग्रजी शिकलेल्या, पांढरपेशा माणसांची वाट निराळी होती. मुंबईत कामाला येणाऱ्या मराठी गृहस्थासाठी क्रॉफर्ड मार्केटसमोरचे सरदारगृह होते, जेथे लोकमान्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी देह ठेवला. गिरगावात ब्राह्मणी खानावळी आणि वसतिगृहे होती. महाडचा वकील किंवा सावकार तेथे उतरे. त्याच्याही निवडीत सोवळ्याची चौकशी पहिली आणि पंख्याची दुसरी, हे विसरता कामा नये.

आणि येथेच या प्रथेची दुसरी बाजू येते, जी झाकून ठेवणे इतिहासलेखकाला शोभणारे नाही. जी खोली गाववाल्याला विनाप्रश्न आत घेई तीच गावकुसाबाहेरच्या माणसाला दाराशी अडवी. एकाच वाडीतून एकाच होडीने निघालेले दोघे धक्क्यावर उतरले की एक मराठ्या-कुणब्यांच्या चाळीकडे आणि दुसरा महारांच्या चाळीकडे जाई. गिरणीतही तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर विणकामखाते अस्पृश्यांना बंद होते. खोऱ्यातील महार मंडळींनी स्वतःच्या खोल्या केल्या. पलटणीचे निवृत्तिवेतन घेणारे, लिहितेवाचते लोक त्यांच्यात आधीपासून होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांचे आद्य पुरुष. त्या खोल्यांत केवळ वळकट्या नव्हत्या, सभांचे कागदही होते.

भाड्याच्या खोलीने एखाद्या माणसाला काय दाखवावे याचे मराठी इतिहासातील सर्वांत विदारक उदाहरण सावित्रीपलीकडच्या आंबडव्याला मूळ असलेल्या एका पुरुषाचे आहे. १९१७ साली परदेशातील विद्येचा भार घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या डॉक्टर आंबेडकरांना राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव घेऊन ते एका पारशी सराईत दीड रुपया रोजाने राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईत १९१२ पासून १९३४ पर्यंत त्यांचे बिऱ्हाड परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकांच्या दोन खोल्यांत होते, म्हणजे गावखोलीच्या याच माणसांच्या शेजारात. १९२३ च्या ऑगस्टात सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात जो ठराव संमत करून घेतला त्यात अस्पृश्यांना खुल्या करावयाच्या जागांच्या यादीत पाणवठे आणि विहिरी यांच्या लगोलग धर्मशाळा हा शब्द आहे. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये गावातील चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि त्यापुढचा इतिहास तळ्याचा झाला. पण पाण्याइतकाच छपराचाही तो प्रश्न होता, हे आपण विसरून गेलो आहो.

महाडास अस्पृश्यांची परिषद भरली त्या १९ व २० मार्च १९२७ या दोन दिवसांची हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचावी. परिषदेची जमवाजमव करण्यात पुढे होते ते दासगाव परिसरातील रामचंद्र बाबाजी मोरे. बाजाराला आलेल्या अस्पृश्यांना बूड टेकून घोटभर चहापाणी घेता येईल असे एक दुकान महाडात निघाले ते त्यांच्याच खटपटीतून. जिल्ह्यातून आणि मुंबईच्या चाळींतून हजारो लोक आले. त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजून पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी तळ्याचे पाणी प्राशन करून मंडळी परतल्यावर देऊळ बाटविणार अशी आवई उठली आणि मंडपात जेवत असलेल्या, रस्त्याने जाणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. त्या वेळी बाबासाहेब कोठे होते? मुसाफिरी बंगल्यात. साहेबांच्या हवापालटासाठी बांधलेली ती सरकारी वास्तू. धर्मशाळा आणि ओसऱ्या यांनी भरलेल्या त्या गावात एका बॅरिस्टराला हक्काने उतरता आले ते तेथे. मार खाल्लेल्यांपैकी पुष्कळांना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा मंडपाला जागाही एका मुसलमान गृहस्थानेच दिली. धरमतराच्या वाटेवरचे मोटारवाले उतारू घेणार नाहीत या धास्तीने मुंबईचे दोनशेच्या आसपास प्रतिनिधी ‘पद्मावती’ आगबोटीने निघाले, दासगावास उतरले आणि तेथून पाच मैल चालत महाडास आले. तळ्याच्या खटल्याचा निकाल मुंबईच्या हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी लागला. ओसऱ्यांचा आणि खोल्यांचा खटला कोणत्याच कोर्टात उभा राहिला नाही.

१९४७ च्या कायद्याकडे परत येतो. त्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरून गोठविले. गावच्या खोलीला हा कायदा प्रथम वरदान वाटला, कारण वर्गणी वाढेनाशी झाली. पण भाडे गोठले की पावतीला सोन्याचे मोल येते, आणि पावती एकाच्या नावावर होती. ज्याचे नाव तो जिवंत आणि गावाशी बांधलेला असेपर्यंत ठीक चालले. त्याच्या मुलाने लग्न केले, सून मुंबईस आली, आणि एके दिवशी ट्रंका व्हरांड्यात निघाल्या, अशा कहाण्या या खोऱ्यात वाडीगणिक ऐकावयास मिळतात. शब्दावर चाललेल्या कारभाराला पुरावा कोठून आणणार? काही गावांनी वेळीच ग्रामस्थ मंडळाची नोंदणी करून पावती मंडळाच्या नावे करून घेतली. त्यांच्या खोल्या राहिल्या. मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला, गिरण्या मोडीत निघाल्या, आणि पाळ्यांवर चालणारी खोली पाळ्याच नाहीशा झाल्यावर अर्धी रिकामी पडली. पुढची पिढी दिवा, कळवा, नालासोपारा येथे स्वतःच्या नावाच्या पावतीने राहावयास गेली. महाडलाही औद्योगिक वसाहत झाली, १९९३ साली कोकण रेल्वे वीरपर्यंत पोहोचली, आणि वाडीतील मुलाला नोकरीसाठी परळचा जिना चढण्याची गरज उरली नाही.

आता त्याच मुलाला मुंबईत चार दिवस राहावयाचे झाले तर तो मोबाइलवर खोल्यांची चित्रे पाहतो, परक्यांनी दिलेले तारे मोजतो आणि आगाऊ पैसे भरतो. यात काही वाईट नाही. त्याच्या बायकोला ज्या खोलीत प्रवेश नव्हता तिच्यापेक्षा ही बरी, आणि जातीची विचारणा उघडपणे तरी येथे होत नाही. आडनाव वाचून जागा अकस्मात भरल्याचे कळविणारे मालक अजून आहेत, हे ज्यांना अनुभव आला त्यांना सांगावयास नको. उलट रोग्याला घेऊन महिनाभर राहावयाचे असेल तर ही चित्रांतली खोली परवडत नाही, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी रांग असते. ज्या मंडळांनी आपली खोली राखली आहे त्यांच्याकडे टाटा रुग्णालयाचे रोगी आजही उतरतात. माझ्या मते मुंबईच्या घरबांधणीच्या इतिहासात सरकारने, ट्रस्टने किंवा गिरणीमालकांनी जे केले त्यापेक्षा या अशिक्षित माणसांनी वर्गणीवर जे उभे केले ते अधिक शहाणपणाचे होते; आणि ते आपल्या जातीच्या कुंपणापलीकडे एक पाऊलही गेले नाही, हा दोष त्या शहाणपणाला वजा घालूनच त्याची किंमत केली पाहिजे.

डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या त्या चाळी, म्हणजेच बी. डी. डी. चाळी, आता पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळणार, हे चांगलेच झाले. परंतु खोल्या खाली करताना पोटमाळ्यावरच्या ज्या वह्या रद्दीत निघतात, त्यांत कोणत्या सालात किती वर्गणी होती, कोणाची बाकी काढली, कोणाला कशासाठी दंड झाला, कोण कोणत्या आजाराने आला आणि किती दिवस राहिला, हे सारे मोडीत आणि बाळबोधीत लिहिलेले आहे. महाड-पोलादपूरच्या ग्रामस्थ मंडळांच्या चिटणिसांना माझी विनंती एवढीच आहे की, त्या वह्या रद्दीवाल्याला देऊ नका. तालुक्याच्या वाचनालयात आणून ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर चाळीचे नाव, मजला आणि खोलीचा नंबर तेवढा लिहा.